कोंडी रस्त्यावरची आणि डोक्यातली

मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या माणसाला रायगड जिल्ह्यातले माणगाव दोन कारणांसाठी लक्षात राहते. एक तर श्रीवर्धन-दिवेआगरकडे जाणारा इथून वळतो आणि ताम्हिणी घाट उतरून आलेला पुणेकर इथेच महामार्गाला लागतो. दुसरे कारण म्हणजे कोंडी. गणपतीच्या आदल्या दिवशी, मे महिन्यात, जोडून सुट्ट्या आल्या की, बाजारपेठेतून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या अशा काही अडकतात की मागच्या सीटवरच्या मुलांच्या भेंड्या दोनदा खेळून होतात. बाह्यवळण रस्ता किती वर्षे रखडला हा विषय निराळा आहे आणि त्यावर वर्तमानपत्रांची पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या एका कोंडीविषयी. ती रस्त्याच्या कडेला, फ्लेक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानांत बसलेल्या पोरांच्या डोक्यात होते आणि तिची बातमी कधी छापून येत नाही.

गाडी अडकलेलीच असते, तेव्हा काचेतून बाहेर जरा नीट पाहावे. वाढदिवसाचा फलक, दहीहंडीचा फलक, कबड्डी स्पर्धेचा फलक, नव्या मिसळ हाउसच्या उद्घाटनाचा फलक. मागून फुटलेले सोनेरी किरण, पिवळ्या अक्षरांना लाल कड, त्या कडेला पुन्हा पांढरी कड, कोपऱ्यात डरकाळी फोडणारा सिंह आणि खाली शुभेच्छुकांचे टपाल तिकिटाएवढे तीस चेहरे. इंदापूरला हाच फलक दिसतो, महाडला हाच दिसतो, मनुष्य तेवढा बदलतो. प्रवाशाला वाटावे, सगळे एकाच कारागिराच्या हातचे आहे. तसे मुळीच नाही. ते एका हाताचे नसून एका फाइलचे आहेत.

ही फाइल येते इंटरनेटवरून. कोरलड्रॉमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये उघडणारे तयार नमुने यूट्यूबखालच्या दुव्यांतून, टेलिग्रामच्या गटांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरतात. नाव बदला, फोटो बदला, छापा. पुष्कळदा हे नमुने उत्तरेकडून आलेले असतात. त्यामुळे माणगावच्या बाजारात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिरवतात आणि क्वचित घाईत ‘शुभकामनाएँ’ही तशाच राहून जातात. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा असावा, असा महाराष्ट्र शासनाचा २००९ सालचा निर्णय आहे. तो सरकारी फायलींत पाळला जातो की नाही ठाऊक नाही. फ्लेक्सवर तरी त्याची कुणी पर्वा केलेली दिसत नाही.

यावर नाक मुरडणे सोपे आहे. ‘आजच्या पोरांना डोके चालवायला नको’, हे वाक्य आपल्याकडे तयारच असते. पण त्या पोराच्या बाजूने एकदा हिशेब मांडून पाहावा. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू. दिवसाला पत्रिका, स्वागतफलक, हळदीचा बॅनर, नवरा-नवरीच्या नावाचे बोधचिन्ह, शिवाय कुणाच्या तरी दशक्रियेची सूचना, अशी पाच-सात कामे समोर. प्रत्येक गिऱ्हाईक हातात मोबाइल घेऊन येते आणि एक चित्र दाखवून म्हणते, “असंच पायजे, पण जरा वेगळं.” या पाच शब्दांत जगातल्या कुठल्याही कलाशाळेला पुरेल एवढे कोडे आहे. त्यात फ्लेक्सचा भाव ठरतो चौरस फुटावर. माप मोठे तर पैसे जास्त. डिझाइनचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, कारण तिथे पाटीच असते : ‘डिझाइन फुकट’. जी गोष्ट फुकट द्यायची तिच्यावर विचार करायला किती वेळ मिळणार? मग सातव्या पत्रिकेपाशी पडद्यावरची पाटी कोरी ती कोरीच राहते, आणि हात आपोआप तयार नमुन्यांच्या फोल्डरकडे जातो.

ही जी कोरी पाटी, तिलाच आम्ही कोंडी म्हणतो. चित्रकार, लेखक, संगीतकार सगळ्यांना ती ठाऊक आहे. फरक एवढाच की चित्रकाराला ‘सध्या सुचत नाही’ असे सांगून चार दिवस फिरून येता येते. लग्न मात्र पुढे ढकलता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसऱ्याचे पाहून काम करणे हे काही पाप नाही. आपली सगळी छपाईची आणि चित्रांची परंपरा पाहूनच उभी राहिली आहे. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मराठी पंचांग छापले, तेव्हा हाती लिहिलेल्या पोथीचे वळण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या खिळ्यांचा जो लौकिक झाला, तो राणोजी रावजी आरू यांच्या कोरणीमुळे. त्या खिळ्यांतही बोरूचा तिरका काप स्पष्ट दिसतो. राजा रविवर्म्याने तैलरंगांची रीत युरोपची घेतली आणि देवता आपल्या. १८९४ मध्ये मुंबईत त्याने शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यावर जाऊन बसल्या. पुढची कित्येक दशके कॅलेंडरवाल्यांनी त्याच चित्रांवर पोट भरले. म्हणजे ‘असंच पायजे’ म्हणणारे गिऱ्हाईक काही मोबाइलने जन्माला घातलेले नाही.

दीनानाथ दलालांची गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. गोव्यातून मुंबईला आलेल्या या चित्रकाराने १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू केला आणि असंख्य मुखपृष्ठे केली. अजिंठ्याची रेषा, लघुचित्रांचे रंग, पाश्चात्त्य मासिकांतली मांडणी, सगळे त्यांनी पाहिलेले होते, आणि तरी चित्र पाहताक्षणी ‘हे दलाल’ असे घरातली आजीसुद्धा सांगत असे. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे तशीच. नाटक विनोदी की गंभीर, हे नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचे. शेडगे २०२० साली गेले. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर एका चौकटीशेजारी दुसरी चौकट असताना आपले नाव वेगळे उठून दिसले पाहिजे, ही त्यांची रोजची अडचण होती. माणगावच्या फलकवाल्याची अडचण तीच आहे. मग याला का सुचत नाही?

याचे एक उत्तर १९९१ साली अमेरिकेत सापडले होते. टेक्सासमधल्या विद्यापीठातले डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर काही साधे प्रयोग केले. मोटारीवर सायकल बांधायची चौकट, आंधळ्या माणसाला वापरता येईल असे मापाचे भांडे, सांडणार नाही असा कॉफीचा पेला, अशा वस्तू आखायला सांगितल्या. अर्ध्यांना आधी एक नमुना दाखवला, अर्ध्यांना दाखवला नाही. दोन्ही गटांनी साधारण सारख्याच संख्येने कल्पना काढल्या. पण नमुना पाहिलेल्यांच्या कल्पनांत त्या नमुन्याचे अवयव पुन्हा पुन्हा उमटले. गंमत पुढेच आहे. पेल्याच्या नमुन्यात नळी आणि तोंडाला लावायची चोच होती, आणि या दोन गोष्टी वापरू नका असे स्पष्ट लिहून दिले होते. तरीही नमुना पाहिलेल्या पुष्कळ जणांच्या कागदावर नळी आणि चोच हजर! नमुन्यातला दोषसुद्धा माणूस उचलतो, आणि आपण तो उचलला आहे हे त्याच्या गावीही नसते.

आता हा प्रयोग आपल्या दुकानात आणून बसवा. त्या विद्यार्थ्यांना एकच नमुना दाखवला होता. आपल्या पोराला दहा मिनिटांत दोनशे दिसतात. पिंटरेस्ट, बिहान्स, इन्स्टाग्राम ही नावे आता खेड्यातही परकी नाहीत. तिथे एका पत्रिकेवर बोट ठेवले की तिच्यासारख्या चाळीस पुढे येतात, कारण तुम्हाला जे आवडले त्याच्याच जातीचे आणखी दाखवणे हाच त्या यंत्राचा धंदा आहे. शोधणाऱ्याला वाटते आपण खूप पाहिले. प्रत्यक्षात त्याने एकच गोष्ट चाळीस वेळा पाहिलेली असते. २०२२ नंतर तर सांगाल ते चित्र काढून देणारी यंत्रेही आली. तीही आधीच्या लक्षावधी चित्रांवरच शिकलेली. ‘मराठी लग्न’ म्हटले की ती बऱ्याचदा राजस्थानी महालात नवरी उभी करतात.

म्हणून इंटरनेट बंद करावे काय? हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तो मुंबईत राहणाऱ्यांनी द्यावा. तिथे जहांगीर आहे, पुस्तकांची दुकाने आहेत, जे. जे. आहे. माणगावच्या मुलाला चांगले डिझाइन पाहायचे तर पूर्वी रेल्वेत बसावे लागे. आता ते खिशात आहे, आणि ही लहानसहान गोष्ट नाही. प्रश्न कुठे पाहायचे आणि केव्हा पाहायचे, एवढाच आहे.

कुठे, याची थोडी माहिती देण्याजोगी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली जवळपास पावणेचार लाख चित्रे कुणालाही, धंद्यासाठीसुद्धा, मोफत वापरायला खुली केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. त्यांत भारतातली कापडे आहेत, लघुचित्रे आहेत, पितळी भांडी आहेत. पवईच्या आय.आय.टी.तल्या डिझाइन विभागाने ‘डीसोर्स’ नावाचे संकेतस्थळ चालवले आहे. त्यावर देशातल्या हस्तकला, अक्षरे, रंग यांविषयी धडे आहेत, आणि त्यांना फी नाही. याच विभागात शिकवलेले र. कृ. जोशी हे आपल्या अक्षरांचे मोठे उपासक. २००८ साली ते गेले, पण विंडोजबरोबर येणारे ‘मंगल’ हे त्यांचे अक्षर लक्षावधी मराठी माणसांनी संगणकावर वापरले आहे, कर्त्याचे नाव न कळता. अक्षरांचे म्हणाल तर ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ ही मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींची अक्षरे गूगलवर मोफत मिळतात. ‘मोदक’ नावाप्रमाणेच टम्म आहे. मिठाईच्या दुकानाच्या पाटीला यापेक्षा काय हवे? आणि ‘यात्रा वन’ नावाचे अक्षर तर मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवर ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून काढलेले आहे. रोज हजारो डोळे ज्या पाट्यांवरून घसरून जात होते, त्यांच्यापुढे एक माणूस थांबला, एवढेच.

इथे कायद्याचे दोन शब्द, कारण आमच्या अनेक वाचकांच्या घरात अशी दुकाने आहेत. इंटरनेटवर दिसते ते सगळे सार्वजनिक विहिरीचे पाणी नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे चित्रावर हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेला, रावबहादूर धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रे आता सर्वांची झाली आहेत. दलाल १९७१ साली गेले, त्यामुळे २०३१ सरेपर्यंत त्यांच्या चित्रांवर हात टाकता येणार नाही. धुरंधरांच्या चित्रांतल्या बायकांची लुगडी, लग्नाच्या मिरवणुका, दागिने यांत एका पिढीला पुरेल एवढी पत्रिकांची सामग्री आहे. ती सोडून काळ्या छायाकृतीतले परदेशी नवरा-नवरी आपण का घेतो, कळत नाही. नवरीच्या अंगावर त्यात गाऊन असतो आणि खाली मजकूर असतो ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’!

केव्हा पाहायचे, हे त्याहून महत्त्वाचे. काम अंगावर आल्यावर पाहायला बसले की तो टेक्सासचा पेला हातात पडलाच. जी मंडळी वर्षानुवर्षे हे काम करतात ती रिकाम्या वेळी पाहतात आणि कामाच्या वेळी पडदा बंद करतात. आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात. त्यांत संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असे दोन वेगळे पेपर असतात, हे पालकांना आठवत असेल. स्मरणचित्राला मुले भितात, कारण समोर काही नसते. पण डिझाइनच्या धंद्यात उपयोगी पडतो तो हाच पेपर. आवडलेली पत्रिका पाहा, मोबाइल उपडा ठेवा आणि आठवेल तेवढी कागदावर पेन्सिलीने काढा. अर्धी विसरलेली असते. त्या विसरलेल्या जागेत जे येते ते आपले असते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकाने १९२६ साली कल्पना सुचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यातली दुसरी पायरी म्हणजे विषय मुरत ठेवणे. लोणचे घालणाऱ्या घरांत ही पायरी वेगळी समजावून सांगायला नको.

आता एक अडचण अशी की ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतील त्या इंटरनेटवर धड नाहीतच. ‘माणगाव’ एवढेच लिहून शोधा. कोल्हापूर जिल्ह्यातले माणगाव येते, जिथे १९२० साली डॉ. आंबेडकर आणि शाहू महाराज एका परिषदेत एकत्र आले. सिंधुदुर्गातले माणगाव येते, टेंबे स्वामींचे जन्मगाव. रायगडातले आमचे माणगाव त्या गर्दीत धक्के खात उभे. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि वडघरचे साने गुरुजी स्मारक असलेल्या या तालुक्याची अशी ओळखीची अडचण, तर इथल्या रेषांची आणि रंगांची चित्रे कोण चढवणार?

आणि पाहण्यासारखे किती आहे! पूर्वी माणगाव तालुक्यात असलेली, आता तळा तालुक्यात गेलेली कुड्याची लेणी खाडीच्या काठी डोंगरात आहेत. सव्वीस लेणी, दगडात कोरलेले हत्ती, आणि ब्राह्मी अक्षरांतले दानलेख. दान देणाऱ्यांत कुणी वैद्य आहे, कुणी माळी, कुणी लोखंडाचा व्यापारी. दुकानाच्या पाटीचा इतिहास लिहायचा तर कोकणात तो इथून सुरू करता येईल. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंज्यांत हत्ती पकडलेला शरभ आहे; फलकावरच्या त्या आयात सिंहापेक्षा तो कितीतरी उग्र आणि आपला. श्रीवर्धनला जीवना बंदरावर लागलेल्या होड्यांची नावे पाहावीत. नाळेच्या गोलाईवर अक्षर बसवायचे म्हणजे ते वाकवावे लागते, आणि ते लांबून, हलत्या पाण्यावरही वाचता आले पाहिजे. रंगाऱ्याने हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय सोडवलेला आहे. फ्लेक्स येण्याआधी गावोगाव असे पेंटर होते. एस.टी. स्टँडजवळच्या जुन्या किराणा दुकानांवर त्यांच्या हातच्या एखाद-दोन पाट्या अजून सापडतील, उन्हाने विटलेल्या. पूजा सक्सेना या अक्षररेखाटनकर्तीने देशभरच्या रस्त्यांवरच्या अशा पाट्यांची नोंद करून ती इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. त्यात रायगडचा हिस्सा भरायला दिल्ली-मुंबईहून कुणी यावे लागत नाही. ज्याच्या हातात नमुने उतरवून घेणारा मोबाइल आहे, त्याच मोबाइलला कॅमेराही आहे.

पालकांशी थोडे बोलायला हवे. मुलगा किंवा मुलगी उपयोजित कलेकडे जायचे म्हणते, तेव्हा मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न येतो तो ‘पुढे काय?’ असा. तो चुकीचा नाही. दुसरी तक्रार असते, ‘सारखा मोबाइलमध्ये असतो आणि विचारले तर म्हणतो काम करतोय.’ कधी कधी तो खरे सांगत असतो. ओळखायचे कसे? त्याच्या शेजारी वही आहे का ते पाहावे. पाहिलेले कागदावर उतरत असेल तर तो काम करतो आहे. नुसता अंगठा वर सरकत असेल तर तो आपल्यासारखाच वेळ घालवतो आहे. आणि रविवारी त्याला कुड्याला किंवा बंदरावर घेऊन जायला हरकत नाही. नाहीतरी श्रीवर्धनला जाताना कोंडीत तीन तास जातातच.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरी गाठ तिथेच आहे. कितीही संग्रहालये खुली झाली, कितीही वह्या भरल्या, तरी जोवर विचाराचा भाव शून्य आहे तोवर दुकानदार तयार फाइलच उघडणार. यात नुकसान फक्त सौंदर्याचे नाही. ज्या दुकानात सगळे एकसारखे मिळते तिथे गिऱ्हाईक भावावरच घासाघीस करते, आणि भाव उतरत उतरत शाईच्या खर्चाला टेकतो. तयार नमुना तर गिऱ्हाइकाच्या पोरालाही मोबाइलवर भरता येतो. मग दुकानाचे काम काय उरले? काही दुकानांनी बिलावर ‘डिझाइन’ अशी वेगळी ओळ घालायला सुरुवात केली, तर पहिली चार गिऱ्हाइके जातील. पण लग्नाच्या जेवणावळीत एका पानाचा खर्च विचारल्याशिवाय देणारा यजमान, हजार लोकांच्या हातात जाणाऱ्या पत्रिकेच्या विचाराला एका पानाइतके पैसे द्यायला नाही म्हणेल असे वाटत नाही. निदान त्याला कुणी मागून तरी पाहावे.